नगुरीची मूठ

आधण आलं होतं. तांदूळ पातेल्यात ओतण्याआधी मी नेहमीसारखी एक मूठ काढून चुलीमागच्या डब्यात टाकली. आमच्याकडे प्रत्येक जेवणाआधी ही मूठ निघते, आणि शनिवारी दोन बायका घरोघर फिरून ती चर्चच्या मंडळीसाठी गोळा करतात. रिनी भोपळ्याच्या कोवळ्या वेलाचे दोर सोलत बसली होती. तिचे वडील पायरीवर खुरप्याला कानस लावत होते. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

गावात दार कुणी वाजवत नाही. हाक मारायची आणि आत यायचं, ही रीत. त्यामुळे कानशीचा आवाज थांबला.

दारात पी थांगकिमी उभी. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मानाने पी म्हणतात. कपाळाला पट्टा, पाठीवर वेताची टोपली, अंगात तिचा तो बाह्या आखूड झालेला निळा स्वेटर.

"अहो पी, तुम्ही कधीपासून दार वाजवायला लागलात?" मी म्हटलं.

"आजपासून. कुणाच्या घरात माझं येणं चालणार आहे, कुणाच्या नाही, ते अजून कळलेलं नाही. म्हटलं विचारून यावं." ती आत आली, पण बसली नाही. "रिनीची आई, आज माझ्याबरोबर फिरशील?"

"आज तर लियानीची पाळी."

"लियानीचं डोकं दुखतंय. काल संध्याकाळी मी तिला सांगितलं की उद्या शेवटच्या घरीही जायचं. तेव्हापासून दुखतंय."

शेवटचं घर म्हणजे नगुरीचं. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने खुरप्याची धार अंगठ्याने चाचपली आणि म्हणाला, "पी, बायको परत आणून द्या म्हणजे झालं."

"कामाची निघाली तर ठेवून घेईन," ती म्हणाली.

मी भात रिनीवर सोपवला आणि निघाले.

गावात तीन आठवडे जागृती चालू होती. संध्याकाळचं जेवण उरकलं की चर्चमधला ढोल सुरू व्हायचा, व्यासपीठासमोर गोल धरून लोक नाचायचे, रडायचे, थरथरायचे. रेम्सांगा त्यात पुढे. तो शिवणकाम करणारा तिशीतला पोरगा. आधी पिऊन पडायचा. जागृतीत त्याची दारू सुटली, हे खोटं नाही. आवाज असा की ऐकणाऱ्याच्या छातीत कालवाकालव व्हावी. मग त्याला दृष्टान्त होऊ लागले. कुणाच्या घरात काय दडलंय, कुणाच्या मनात काय आहे, ते तो डोळे मिटून सांगू लागला.

त्याच दिवसांत उपा चोंगांची सून हमिंगी पोटदुखीने गडबडा लोळू लागली. उपा म्हणजे मंडळीचे वडील, आणि तिघा उपांमध्ये चोंगांचा शब्द शेवटचा. रेम्सांगा आणि त्याच्या माणसांनी हमिंगीभोवती प्रार्थना केली आणि तिच्या आत कोण आहे म्हणून विचारलं. पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी हमिंगीच्या तोंडून नाव आलं, "नगुरी."

खोहरिंग. आमच्या आज्या हा शब्द दबक्या आवाजात बोलायच्या. एखाद्या बाईच्या अंगात मत्सराचं भूत असतं, तिने कुणाच्या ताटाकडे पाहिलं की ते त्याच्या पोटात जाऊन बसतं, असं मानायचे. अशा बाईच्या हातचं कुणी खायचं नाही. कधी तर तिला जिवंतही ठेवायचे नाहीत. मंडळी आली तेव्हा हे गेलं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

नगुरी विधवा, पन्नाशीची, मूलबाळ नाही. आदल्या दिवशी तिने हमिंगीला भोपळ्याची पानं दिली होती. पुराव्याला तेवढं पुरलं. पाणवठ्यावर बायका तिच्यापासून बाजूला सरू लागल्या. तिच्या डोंगरउतारावरच्या शेतात खुरपणीला कुणी गेलं नाही, आणि गवत धानाच्या वर आलं. तिची मूठ घ्यायची नाही, असं ठरलं. उपा चोंगांनी तिला निरोप धाडला, महिनाअखेरीपर्यंत नदीपलीकडे भावाच्या गावी गेलीस तर सगळ्यांचंच बरं होईल. महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

आम्ही वरच्या आळीपासून सुरुवात केली. थांगकिमी हे काम एकतीस वर्षं करते आहे. बरोबरीची बाई दर आठवड्याला बदलते, थांगकिमी बदलत नाही. कुठल्या घराचा डबा हलका लागला तर ती काही विचारत नाही, पण सोमवारी त्या घरी रताळी घेऊन जाते. नवरा लाकूडतोडीत दगावला तेव्हा धाकटा पोटात होता. मागावर विणून तिन्ही पोरांना शिकवलं. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

"काय हो पी," पी झामीने डबा उलटा करता करता टोमणा मारला, "परवा नाचताना दिसला नाहीत? पवित्र आत्म्याने गुडघ्यांना सुट्टी दिली वाटतं."

"गेले दोन आठवडे नाचले की मी. तुझ्या पायावर पाय पडला तेव्हा ओरडलीस ना? तुला तो आत्मा वाटला असेल."

झामी हसली, मग तिला आठवलं आणि गंभीर झाली. "शेवटच्या घरी जाणार म्हणे तुम्ही."

"घर आहे, चूल आहे, मूठ निघते. मग जायला नको?"

"रेम्सांगाला स्पष्ट दिसलंय, पी."

"दिसू दे. मला मोतीबिंदू आहे, मी जवळ जाऊन बघते."

चर्चखालच्या उतरणीवर ती दम खायला दगडावर टेकली. मी हळूच विचारलं, "पी, तुमचा जागृतीवर विश्वासच नाही का?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिच्या आईला शिवी दिली.

"मी अकरा वर्षांची होते, तेव्हा आमच्या गावी जागृती आली. माझा बाप आणि शेजारचा डोखुमा नऊ वर्षं बोलत नव्हते. का? तर एका सांबराला दोघांच्या गोळ्या लागल्या, पहिली कुणाची ते ठरेना. शिंगं आमच्या भिंतीवर होती. आल्यागेल्याला बाप ती दाखवायचा. जागृतीत बाप तीन दिवस नाचला. चौथ्या दिवशी भरदुपारी त्याने शिंगं भिंतीवरून काढली, खांद्यावर घेतली, सगळं गाव बघत असताना डोखुमाच्या घरी गेला आणि स्वतःच्या हाताने त्याच्या भिंतीवर खिळा ठोकला. गोळी तुझी होती, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणाला. डोखुमा ढसाढसा रडला. आई आमच्या भिंतीवरची ती मोकळी जागा बघून गायला लागली." तिने पट्टा कपाळावर सारखा केला. "माझा विश्वास नाही म्हणतेस? अगं, मी बघितलीय. म्हणून तर ही मला गिळवत नाही. तेव्हा आत्मा ज्याच्यावर यायचा त्याला स्वतःचं पाप दिसायचं. आता ज्याच्यावर येतो त्याला शेजारणीचं दिसतं."

नगुरीच्या अंगणात पायवाटेवर गवत उगवलं होतं. दोन आठवड्यांत एवढं उगवतं, हे मला माहीत नव्हतं. थांगकिमीने दार वाजवलं नाही. "नगुरी, ए नगुरी! शनिवार आहे," अशी तिने हाक दिली.

नगुरी बाहेर आली. हातात दोरी होती. आत गाठोडी बांधलेली दिसत होती.

"पी, माझी मूठ घेत नाहीत आता."

"कोण घेत नाही? एकतीस वर्षं टोपली माझ्या पाठीवर आहे. डबा आण."

नगुरीने डबा आणला. काठोकाठ भरलेला. कुणी घेणार नाही हे माहीत असून बाई रोज दोन वेळा मूठ काढत होती. तो बघून मला कुठे बघावं ते कळेना.

थांगकिमीने डबा लगेच घेतला नाही. "आधी माझं ऐक. दोन शनिवार मी त्या वळणावरून मागे फिरले. बरोबरच्या बाईने नाही फिरवलं मला, मीच फिरले. संध्याकाळी जाऊन नाचले, रडले पण. गुरुवारी सकाळी भाताला तांदूळ घेतले, मूठ काढायला हात घातला, आणि हात वर येईना. तांदळात तसाच राहिला. देवाला द्यायला मूठ काढतेस आणि त्याच्या एका लेकीची टाळतेस, असं मला कुणी बोललं नाही, आवाज आला नाही, काही चमकलं नाही. पण कळलं. माफ कर मला."

 नगुरीने डबा टोपलीत ओतला, तळाला चिकटलेले दाणे बोटाने काढून टाकले, आणि दोरी घेऊन आत गेली. थांगकिमीला वाटलं होतं की ती निदान माफ केलं म्हणेल. वाटेत ती माझ्यापुढे चार पावलं चालत राहिली.

चर्चमागच्या कोठीत तांदळाची मोठी पेटी आहे. तिथे सात-आठ बायका होत्या, उपा चोंगा होते आणि पांढऱ्या सदऱ्यातला रेम्सांगा. बातमी आमच्या पुढे पोचली होती.

"पी थांगकिमी," उपा सौम्यपणे म्हणाले, "त्या घरचे तांदूळ वेगळे आणलेत ना?"

"नाही."

"मग ते बाजूला काढा. पेटीत नकोत."

रेम्सांगाचे खांदे थरथरू लागले. डोळे मिटून तो म्हणाला, "मला काळं दिसतंय. धान्यात काळं दिसतंय. एक दाणा गेला तरी सबंध मंडळीचं पोट दुखेल."

दोन बायकांनी "प्रभू, प्रभू" म्हणायला सुरुवात केली. लियानीही तिथे होती, डोकं न दुखता.

थांगकिमीने टोपली उतरवली. मला वाटलं, आता वाद घालील. तिने पेटीचं झाकण उघडलं, टोपली उचलली आणि सगळी ओतली. मग निळ्या स्वेटरची बाही मागे सारली, कोपरापर्यंत हात घातला आणि ढवळायला लागली. तळापासून वर, वरून तळाशी, मोठ्या पातेल्यात खिमट ढवळतात तशी, सावकाश.

"पी! काय करताय?"

"झालं." ती हात झटकत सरळ झाली. "रेम्सांगा, डोळे उघड बाळा. तुला दिसतंय ना? मग ये, यातले नगुरीचे दाणे वेगळे काढून दे. मी इथेच बसते."

रेम्सांगाने डोळे उघडले. त्याने पेटीत पाहिलं. त्याचे खांदे थांबले होते.

"हा आत्म्याचा अपमान आहे," तो म्हणाला. आवाज मात्र त्याचा नेहमीचा, शिवणयंत्रावर बसून गिऱ्हाइकाशी बोलतानाचा.

"आत्म्याचा नाही, तुझा. आत्म्याला मी लहानपणापासून ओळखते, तो माझ्या बापाच्या घरी येऊन गेलाय. त्याने आमची शिंगं नेली. तू काय नेतोयस ते बघ."

"सगळी पेटी फेकून देऊ," मागून कुणीतरी म्हणालं.

"फेका की! यात तुझ्या आईची मूठ आहे, झामीची आहे, माझी आहे. दरीत ओता. पण ओतणारीने पहिल्यांदा स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं." कुणी हललं नाही. तिने झाकण लावलं.

उपा चोंगांनी कपाळ पुसलं. "पुढच्या रविवारी उपासनेनंतर तिघा उपांसमोर या. चूक कबूल करा. नाहीतर हे काम तुमच्याकडून काढून घ्यावं लागेल, पी. मला दुसरा मार्ग नाही."

"येईन," ती म्हणाली.

आठवडाभर गाव तिच्याशी मोजकंच बोललं. तिच्या मागावरची दोन कापडांची मागणी परत गेली. ती रोज सकाळी खुरपं घेऊन नगुरीच्या शेतात जायची आणि गुडघ्यांना शिव्या देत एकेक सरी साफ करायची. दोन दिवस मीही गेले. नगुरी आमच्या शेजारी खुरपायची, पण बोलायची नाही, आणि तिची गाठोडी तशीच बांधलेली होती.

बुधवारी दुपारी मी थांगकिमीकडे सूत द्यायला गेले होते. हमिंगी आली. पिवळी पडलेली, एक हात बरगडीखाली दाबलेला. दारातच खाली बसली.

"पी, मी बोलले नव्हते. म्हणजे बोलले. ते विचारतच राहिले, कोण आहे, कोण आहे, कोण आहे. डोक्यावर सगळ्यांचे हात. श्वास येईना. नाव सांगितल्याशिवाय सोडणार नाहीत, एवढं मला कळत होतं. तिची पानं चुलीपाशी पडली होती, ती डोळ्यांसमोर आली."

थांगकिमीने मागावरून हात काढला. "सासऱ्याला सांगितलंस?"

"नाही. सगळ्या गावासमोर त्यांची मान खाली जाईल." ती रडायला लागली. "तुम्ही रविवारी सांगा ना. तुम्ही सांगितलंत तर चालेल."

 थांगकिमी म्हणाली, "नाही. तुझं पाप मी सांगत नाही. ते काम गावात आधीच खूप जण करताहेत. तुला सांगावंसं वाटेल तेव्हा तू सांग. आणि उद्या पहिल्या जीपने मोठ्या दवाखान्यात जा. पोट दाखव. प्रार्थना मी इथून करीन, तिला जीप लागत नाही."

मी भडकले. हमिंगी गेल्यावर म्हटलं, "पी, एका वाक्यात सगळं मिटलं असतं! नगुरी वाचली असती."

"नगुरी वाचली असती आणि मग हमिंगीच्या डोक्यावर हात ठेवले असते. मला बाई बदलायची नाहीये, मला ते हात खाली आणायचेत."

"आणि नाही आले तर?"

"तर नाही," ती म्हणाली आणि धोटा फेकला.

निर्णय होईपर्यंत त्या शनिवारी मूठ गोळा झाली नाही. रविवारी उपासनेनंतर लोक घरी गेलेच नाहीत. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, दहा गावांचे, ते महिन्यातून एकदा येतात. तो रविवार त्यांचा नव्हता. पुढच्या बाकावर तिघे उपा, बाजूला रेम्सांगा. नगुरी आली होती. सगळ्यात मागे, तिच्या बाकावर दुसरं कुणी नाही. हमिंगी दिसली नाही. गुरुवारच्या जीपने ती गेली होती, अजून परतली नव्हती.

"पी थांगकिमी," उपा चोंगा म्हणाले, "मंडळीसमोर चूक कबूल करायची आहे ना?"

"करायची आहे." ती उभी राहिली. "दोन शनिवार मी नगुरीच्या दारावरून मागे फिरले. भीतीने फिरले. गावाने मलाही तसंच म्हटलं तर काय, या भीतीने. त्याच संध्याकाळी इथे येऊन नाचले. हे माझं पाप. नगुरीसमोर मी ते बोललेय, आता तुमच्यासमोर बोलते."

"आणि तांदूळ मिसळल्याचं?"

"ते पाप नाही. त्याबद्दल मी मान खाली घालणार नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा मिसळीन. काम काढून घेतलंत तर दुसरी टोपली विणीन आणि नगुरीच्या एकटीच्याच घरची मूठ आणीन."

कुजबुज झाली. रेम्सांगा उठला. "उपा, ही बाई जागृती विझवायला निघालीय."

ती त्याच्याकडे वळली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ झाला. "तुझी दारू सुटली, रेम्सांगा. त्या दिवशी मी घरी जाऊन गुडघे टेकले होते. ती जागृती खरी होती, तिथे तुझं बोट तुझ्याकडेच होतं. ते बोट तू कधी वळवलंस, तुझं तुला आठवेल. मी सांगणार नाही."

रेम्सांगा उभाच राहिला. त्याच्याकडे ढोल नव्हता, गोल नव्हता, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. तो बसला.

दुसरे दोन उपा एकमेकांकडे बघू लागले. उपा चोंगा आपल्या हातांकडे बघत होते. सुनेच्या डोक्यावर ठेवलेल्या हातांत त्यांचेही दोन हात होते. त्यांना काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, मी आजही सांगू शकत नाही. मग ते म्हणाले, "तुम्हाला काय हवंय, पी? गावाने माफी मागावी असं म्हणणं आहे का? ठराव लिहायचा?"

"ठराव नको. माफी ज्याची त्याने मागावी, वेळ लागेल." तिने मागच्या बाकाकडे पाहिलं. नगुरीने मान वर केली नव्हती. "माझं एकच मागणं आहे. आज इथून उठलात की तुम्ही तिघांनी नगुरीच्या घरी जावं, आणि तिच्या हातचा एकेक कप चहा प्यावा."